दोन नग मागे ठेवणाऱ्या मावशी

गोदामात एखादी वस्तू किती आहे असं विचारलं, की मावशी आकडा सांगायच्या नाहीत. चष्म्यावरून आपल्याकडे बघायच्या आणि उलट विचारायच्या, "कुणाला हवीये?"

"अहो, कुणालाही हवी असेना, किती आहेत तेवढं सांगा," असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो.

"असं कसं? लेस्टरच्या त्या हॉटेलवाल्याला हवी असेल तर नाहीये. शाळेला हवी असेल तर बघते."

माझ्यासमोर लॅपटॉपवर एक रिकामा रकाना उघडा होता आणि त्यात फक्त आकडाच बसत होता. मी कपाळाला हात लावला. मावशींनी विचारलं, डोकं दुखतंय का, पेनकिलर देऊ का.

ही गोष्ट इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधली, म्हणजे तिथल्या एमआयडीसीतली. हॉटेलं, शाळा, केअर होम अशा ठिकाणच्या मोठ्या किचनमधल्या मशीनचे सुटे भाग पुरवणारी ती कंपनी. निखिलच्या वडिलांनी काढलेली, आता निखिल चालवायचा. खरेदी, विक्री, गोदाम हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणणारी ईआरपी नावाची भानगड त्याला बसवायची होती आणि त्यासाठी पुण्याहून येऊन वर्षच झालेलं माझं ध्यान त्यानं नोकरीला ठेवलं होतं. निखिलचा जन्म इथलाच. मराठी सगळं समजायचं, बोलायचा मात्र आपल्या पद्धतीनं. "मावशी, नवीन सिस्टम आली की तुझी हेड एकदम फ्री. काहीच रिमेंबर नाही करायचं." मावशी म्हणायच्या, "बघ हं बाळा, डोकं फ्री झालं तर तुमच्याच मागे लागेन."

गोदामाच्या त्या सुपरवायझर. निखिल लहानपणी मावशी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले. फोर्कलिफ्ट चालवणारा मारेक हा पोलंडचा धिप्पाड गडी, तोही "माउशी" म्हणायचा आणि त्यांनी हाक मारली की हातातलं सँडविच टाकून धावायचा.

मावशींच्या रॅकना नंबर नव्हते, नावं होती. रडका पंखा, जावयाचा कोपरा, मधलं माजघर. मला वाटलं हे सगळं त्यांच्यापुरतंच असेल. एकदा मी मारेकला एक थर्मोस्टॅट आणायला सांगितला, तर तो शुद्ध मराठीत "रडका पंखा?" असं विचारून चालू पडला. मी त्या रॅकवर बी-सात असं छापील लेबल चिकटवलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली मार्करनं लिहिलेलं होतं, 'म्हणजे रडका पंखा'. देवनागरीत. मारेकला ते वाचताही येत नव्हतं, पण मावशी म्हणाल्या, असू दे, आधार असतो.

बारकोड वाचणारे स्कॅनर आले, तेव्हा त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? सगळ्या स्कॅनरना फ्रीजर बॅगा घालून वरून रबरबँड लावले. "अहो, प्लॅस्टिकमधून नीट वाचत नाही ते," मी म्हणालो. "मग मोठ्यानं वाचायला सांग," हे उत्तर. पण शिकल्या मात्र सगळ्यांच्या आधी. आठवड्याभरात त्याच इतरांना शिकवत होत्या, आणि चुकणाऱ्याला "अरे गाढवा, आधी पावती मार, मग माल हलव" असं अस्सल मराठीत सांगत होत्या. गंमत म्हणजे सगळ्यांना कळायचंही.

आता न सांगून कसं चालेल? पहिल्याच आठवड्यात निखिलनं मला प्रोजेक्टचा प्लॅन दिला होता. त्यात शेवटच्या पानावर एक ओळ होती. सिस्टम चालू झाल्यावर तीन महिन्यांनी गोदाम सुपरवायझरची जागा बंद. "मावशीला आत्ता सांगू नको, प्लीज," निखिल म्हणाला. "मला पण वाईट वाटतं. पण आधी तिच्या डोक्यातलं सगळं सिस्टममध्ये यायला पाहिजे." माझा व्हिसा त्याच्या कंपनीवर अवलंबून होता. मी मान हलवली.

आणि त्याच मावशी रोज दुपारी कँटीनमध्ये माझ्यासाठी दुसरा डबा उघडायच्या. मटकीची उसळ, दोन पोळ्या, कोपऱ्यात दाण्याची चटणी. "खा रे, हाडं दिसायला लागलीत तुझी." मी त्यांची उसळ खायचो आणि जेवता जेवता विचारायचो, मावशी, ती इटालियन ओव्हनची रबरं कोणकोणत्या मॉडेलला चालतात? त्या सगळं सांगायच्या. हातचं काही राखून ठेवलंय असं मला एकदाही वाटलं नाही, आणि तिथेच मी फसलो.

मावशींचं एक तत्त्व होतं. डबा कधी खरवडून रिकामा करायचा नाही. तांदळाचा असो, डाळीचा असो, तळाला मूठभर राहू द्यायचं. मगच नवीन भरायचं. मिरजेला त्यांच्या माहेरी तशीच पद्धत. हे मला त्यांनी जेवताना सांगितलं होतं आणि माझी आईही तेच करते म्हणून मी कौतुकानं मानही डोलावली होती. ही बाई हीच पद्धत अकराशे प्रकारच्या सुट्या भागांना लावत असेल, हे कुठल्या माणसाच्या डोक्यात येईल?

सिस्टम चालू करण्याआधीच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून मालाची मोजदाद केली. गोदामाच्या पोटमाळ्यावर तीसेक खोकी होती. त्यांवर मावशींच्या अक्षरात 'आकाशकंदील', 'रांगोळी', 'दिवाळी फराळाचे डबे' असं लिहिलेलं. निखिलला मराठी वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि तेच नडलं. मावशी महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर आहेत हे मला ठाऊक होतं. मंडळाचं सामान कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजमध्ये पडलेलं असतंच, हेही ठाऊक होतं. मी निखिलला ऐटीत सांगितलं, "ते सोड, ते फेस्टिव्हलचं आहे." वाचता न येणाऱ्या मारेकनं निदान एक खोकं उघडून तरी पाहिलं असतं.

सोमवारी सिस्टम चालू झाली. दोन दिवस इतकं सुरळीत चाललं की निखिलनं केक आणला. बुधवारी सकाळी साउथहॅम्प्टनच्या एका केअर होममधून फोन आला. त्यांच्या एकुलत्या एक मोठ्या ओव्हनच्या दाराचं रबर फाटलं होतं. ऐंशी म्हातारी माणसं दुपारच्या जेवणाची वाट बघत होती. मी सिस्टममध्ये पाहिलं. शून्य. इटलीहून यायला नऊ दिवस.

मावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत पोटमाळ्यावर चढल्या आणि 'रांगोळी'तून ते रबर काढून खाली आल्या.

"घे. पावती काढ."

मी पावती काढायला गेलो. सिस्टम म्हणाली, जो माल नाही तो पाठवता येणार नाही.

"मावशी, नाही म्हणतेय."

"हे माझ्या हातात काय आहे मग? डोळे फुटले का तिचे?"

"आधी माल वाढवावा लागेल. त्याला कारण द्यावं लागतं." मी यादी उघडली. परत आलेला माल, मोजताना चूक, खराब झालेला माल. यातलं काय निवडू?

"ठेवणीतला, असं लिही."

"असं कारण नाहीये त्यात!"

"मग घाल की! तू कशाला आहेस?" आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला पत्ता लिहून त्यांनी मारेकला व्हॅनमधून साउथहॅम्प्टनला पिटाळलंसुद्धा. मी अजून योग्य कारण शोधत होतो.

दुपारी निखिलनं सगळी खोकी उघडायला लावली. बिस्किटांचे डबे, आइस्क्रीमचे टब आणि प्रत्येकात दोन-दोन नग, कागदात गुंडाळून. निखिलचा चेहरा लाल झाला. "मावशी, तू हे लपवलं? सिस्टमला खोटं सांगितलं?"

"लपवलं कुठे? ते विकायचं नव्हतंच. अडीनडीला असावं म्हणून. तुझ्या सिस्टमला अडीनडी कळते का, ते कुणी मला सांगितलंच नाही."

आता माझी पाळी होती. तोंड उघडणं भाग होतं. सिस्टमला अडीनडी कळत होती. प्रत्येक वस्तूपुढे किमान किती नग राखायचे, असा एक रकाना असतो. माझ्याकडे वेळ कमी होता म्हणून मी कुणालाही न विचारता सगळीकडे शून्य घालून मोकळा झालो होतो. हे मी निखिलसमोर कबूल केलं. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शहाणाच आहेस की. आण खुर्ची."

पुढच्या चार दुपारी आम्ही दोघं अकराशे ओळी भरत बसलो. मला वाटलं होतं सगळीकडे दोन लिहायचं आणि सुटायचं. पण छे! "हिला चार ठेव, उन्हाळ्यात फाटते. ह्याला तीन, ग्लासगोच्या शाळेचा मेकॅनिक फोन नेहमी उशिरा करतो. ह्याला शून्य घाल, हे मशीन आता कुणी वापरत नाही, मीच वेड्यासारखी जपत बसले." एकदाही कागद बघितला नाही त्यांनी. शेवटची ओळ भरली तेव्हा त्या मागे टेकल्या.

"झालं? आता माझ्यावाचून चालेल ना गोदाम?"

"चालेल," मी म्हणालो, स्क्रीनकडेच बघत.

"मग सांग की आता."

"काय?"

"दहा आठवडे उसळीबरोबर जे गिळतोयस, ते."

प्लॅनचं ते शेवटचं पान पहिल्याच आठवड्यात त्यांना प्रिंटरवर पडलेलं सापडलं होतं. मीच छापून विसरलो होतो.

"निखिलचं सोड," त्या म्हणाल्या. "तो मालक, त्याला त्याचं बघायला लागतं. तू सांगशील असं वाटलं होतं मला. रोज डबा उघडताना वाटायचं, आज सांगेल."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. "माहीत होतं, तर मग हे सगळे आकडे का दिलेत मला?" मी कसंबसं विचारलं.

"अरे, मी घरी बसले म्हणून त्या म्हाताऱ्यांचा ओव्हन बिघडायचा थांबणार आहे का?" असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि त्या मारेकवर ओरडल्या, तो ट्रॉली वाटेत ठेवून गेला होता म्हणून.

तीन महिन्यांनी मावशी गेल्या. निखिल निरोपाच्या भाषणात रडला. मारेकनं त्यांचं सामान गाडीत ठेवलं आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभा राहिला. आता त्या ग्लासगोला लेकीकडे असतात. मी फोन करतो, त्या माझ्या तब्येतीची चौकशी करतात. त्या दहा आठवड्यांविषयी त्या कधी बोलत नाहीत, आणि मलाही अजून धीर झालेला नाही.

पण आता कुठल्याही नव्या कंपनीत काम घेतलं, की लॅपटॉप उघडायच्या आधी मी गोदामात जातो आणि प्लॅनमध्ये ज्याची जागा जाणार असं लिहिलेलं असतं, त्याला स्वतः सांगतो. तशी परवानगी नसेल तर ते काम घेत नाही. यावरून दोन कामं हातची गेली आहेत. गेल्या महिन्यात एका गोदामातल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, मला एक सणसणीत शिवी हासडली आणि पाठ फिरवून माल लावायला लागला. मी निघालो नाही. कोट काढून ठेवला आणि त्याला खोकी उचलून द्यायला लागलो.