देवाच्या कपाळावरचं कुंकू

“आधी कपाळ साफ कर,” फोनवर म्युझियमचे सर म्हणाले. “मूळ चेहरा दिसला पाहिजे. लोक कुंकवाची खपली बघायला प्रदर्शनात येणार नाहीत.”

मी कळसाडीला कमलबाईंच्या घरात टेबल मांडून बसले होते. पुढ्यात तळहाताएवढा बाळकृष्ण. कागदावर रंगवून फळीवर चिकटवलेला, कुणा पूर्वजाने घरच्या देव्हाऱ्यासाठी करून घेतलेला. जुनी चित्रं सांभाळणं हे माझं काम. आम्ही त्याला कन्झर्वेशन म्हणतो. नवं रंगवायचं नाही, आहे ते टिकवायचं. आमच्या म्युझियमला हे चित्र प्रदर्शनासाठी हवं होतं आणि कमलबाईंचा मुलगा दिनेश परस्पर हो म्हणून बसला होता. कमलबाई देवाला उंबरा ओलांडू देईनात. म्हणून निदान सफाई तरी घरीच करायची ठरली.

दिव्याची काजळी कोरड्या स्पंजने निघाली. निळं अंग दिसलं, हातातला लोण्याचा गोळा दिसला. दिनेशने फोटोवर फोटो काढले. राहिलं कपाळ. तिथे टेस्ट घेतली, म्हणजे काडीला कापूस गुंडाळून, औषधात बुडवून थराच्या कडेला हळूच फिरवला. कापूस लाल झाला. खालचा रंग पक्का होता.

तेवढ्यात कमलबाई नैवेद्याची वाटी घेऊन आल्या. देव टेबलावर असला तरी उपाशी कसा ठेवायचा! त्यांना तो लाल कापूस दिसला.

“हाई काय करी ऱ्हायनी तू?”

“मावशी, वरचा मळ काढतेय.”

“मळ नई शे तो! मन्ही सासूनं लायेल कुकू शे. सासूनी सासूनं बी. तेन्हावरच मी रोज लावस.”

“माय, तठे कितला लोके देखतीन देवले!” दिनेश म्हणाला.

“लोकेसले दखाडाकरता बनायेल नई तो. घरना देव शे.”

मळ! माझ्याच शब्दाचा मला संताप आला. आहे ते टिकवायचं म्हणायचं आणि तीन बायकांची पूजा कापसाने पुसायची? मी सरांना फोन लावला.

“कुंकू राहणार, सर.”

“निघत नाही का?”

“निघतं. मी काढणार नाही.”

“मग चित्र प्रदर्शनात लागणार नाही. आणि मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो.”

“पाठवा. दारात कमलबाई आहेत.”

कुणी आलं नाही.

मी सुटलेले कोपरे चिकटवले आणि शहाद्याहून काचेची फ्रेम करून आणली. कमलबाईंना समजावलं, “मावशी, आता टिळा काचेवर लावायचा.” त्यांनी फ्रेम उलटी केली, माझ्यादेखत काच काढून बाजूला ठेवली आणि बोट कुंकवात बुडवलं.

“काच देव शे का?”

टिळा जुन्याच जागी लागला. माझं सगळं शिक्षण आतून ओरडत होतं. मी त्याला गप्प बसवलं आणि हात जोडले.

रिपोर्टमध्ये चित्राच्या स्थितीपुढे मी लिहिलं, ‘रोजच्या पूजेत’. सरांनी शेरा बदलायला सांगितला. मी तोच पुन्हा पाठवला.

धडा एवढाच, की फ्रेम करण्याआधी देवाच्या मालकिणीला विचारावं. ती काच हल्ली कमलबाईंच्या लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून असते. नीट बसते.