भिंतीवरची निळी रेघ

बोलताना तो समोरच्याच्या चपलांकडे बघायचा. चहा पार गार झाल्यावरच प्यायचा. पेन्सिल कानावर ठेवून ती खिशात शोधायचा. ‘हो’ असं कधी म्हणायचा नाही, नुसता खाकरायचा.

तो इमारतींमध्ये नेटच्या वायरी ओढायचा, म्हणून सगळे त्याला वायरमास्तर म्हणत. दोन वर्षं खपून त्याने वाचनालयाच्या तळघरात बारीक दिव्यांची एक भिंत उभी केली. आत आलेला फोन काही पाठवू-घेऊ लागला की भिंतीवर रेघ धावायची आणि आवाज उठायचा. ओळखीच्या माणसांचे आवाज तो स्वतः ठरवायचा, त्यांची चाल ऐकून. माझा आवाज वाळल्या पानांचा.

“पाय घासत चालतोस तू,” तो म्हणाला होता. “सुधार, मग बदलून देईन.”

मंगळवारी तो शिडीवरून पडला. जेमतेम सहा फुटांवरून. जागीच गेला.

शनिवारी भिंत उतरवायची होती. आदल्या दुपारी मी तळघरात एकटाच होतो. अचानक त्याचा आवाज आला. रिकाम्या पिंपावर कुणी बोटं वाजवावीत तसा. त्याची निळी रेघ या टोकापासून त्या टोकाला गेली आणि परत आली.

“मास्तर?” मी म्हणालो.

जिन्यावरून त्याची ताई उतरत होती.

“त्याचा फोन आहे पर्समध्ये,” ती म्हणाली. “अजून घरच्या कॉम्प्युटरला फोटो पाठवतोय. सगळे म्हणतात, बंद कर. मी सांगते, जमत नाही.”

“मी करून देऊ?”

“अरे, टेलिफोन खात्यात अठरा वर्षं काढलीत मी.”

ती खुर्चीवर बसली. “एकदा बघायला ये म्हणून किती मागे लागला होता. मी म्हणायचे, रिकामटेकडे उद्योग.”

निळ्या रेघेच्या शेजारून एक पांढरी रेघ गेली. तिला आवाज नव्हता.

“ही कुणाची?”

“तुमच्या फोनची. आवाज ठरला नसेल तर रेघ पांढरी येते.”

“ठरला नसेल कसा? जन्मापासून माझी चाल ऐकतोय तो. बघ जरा नीट.”

मी त्याची वही काढली. एकशे चौदा माणसं, प्रत्येकापुढे एकेक आवाज. पहिल्याच ओळीत ‘ताई’. तिच्यापुढे मात्र सात आवाज लिहून खोडलेले. त्याखाली पेन्सिलने: ‘रविवारी तिच्या जिन्यात उभं राहून पुन्हा ऐकणे.’