म्हशीच्या पसंतीचं गाणं

जळकोटला सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि बायको तातडीनं माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "म्हशीचं कसं?"

"मी बघतो. तू आईपाशी निवांत राहा."

माझा शब्द घरात सहसा संध्याकाळपर्यंत टिकतो. हा मात्र टिकवायचाच, असं ठरवलं होतं.

पहिल्याच सकाळी म्हैस धारेला अडली. रेडकू पाजलं, कास धुतली, अंगठे दुखेपर्यंत बसलो. तांब्याभर दूध निघालं. पान्हा काही सोडेना. दूध असं तुंबलं तर कास सुजणार, आणि कास सुजली की बायको आईला तसंच टाकून परत येणार. मग आठवलं, धार काढताना ही काहीतरी गुणगुणते. फोन लावला.

"अगं, म्हशीपुढं तू काय म्हणतीस?"

"कुठं काय? म्या न्हाय काई म्हणत."

म्हणजे म्हणणारीलाच गाणं ठाऊक नाही. असू दे. गाण्यांचं अ‍ॅप होतं, पुण्यातल्या लेकीनं आपल्याच खात्यावर चालू करून दिलेलं. गुणगुणलं की गाणं शोधून देतं म्हणे. गोठ्यात बसून मी आठवेल तशी चाल गुणगुणली. अ‍ॅपनं कुण्या परदेशी बाईचं गाणं काढलं. म्हशीनं शेपटी फिरवली, ती माझ्या तोंडावर. मी हटलो नाही. देवीच्या आराध्यांची गाणी लावली, गोंधळ लावला, नुसता संबळ लावला. संबळानं शेजारचा बसलेला बैल उठून उभा राहिला, एवढंच.

लेकीचा फोन आला. "पप्पा, ऑफिसात मी गाणी लावली तर संबळच सुरू झाला. सगळे माझ्याकडं बघायला लागले."

"सांग त्यांना, घरी म्हशीचं चाललंय."

शेवटी पुन्हा बायकोलाच गाठलं. "तिथं भावाच्या म्हशीची धार तूच काढतीस ना? फोनवर रेकॉर्डिंग चालू कर, गव्हाणीवर ठेव आणि विसरून जा."

"लोक काय म्हणतील, अहो?"

"लोकांना कुठं पान्हा सोडायचाय?"

संध्याकाळी रेकॉर्डिंग आलं. मी ते म्हशीच्या कानाशी धरलं. बादलीचा आवाज, मग बायकोचं गुणगुणणं. त्यात शब्द असे नव्हतेच, नुसती हुंकाराची लय. अ‍ॅपच्या बापाला सापडलं नसतं. मधेच ती थांबली आणि भावजयीला म्हणाली, "आमचं येडं माणूस फोनमधी गाणं हुडकत बसलंय बघ." दोघी हसल्या. नेमकं तिथंच आमच्या म्हशीनं अंग सैल सोडलं, आणि बादलीत धार वाजली.

रेकॉर्डिंग लेकीलाही पाठवलं. ती म्हणाली, "पप्पा, ते वाक्य मी कापून देते."

"हात लावू नकोस," म्हणालो. "म्हैस तिथंच पान्हवती."

आता सकाळ-संध्याकाळ तेच लावतो. सासूबाई काठी घेऊन अंगणात फिरेपर्यंत येडं राहायची माझी तयारी आहे.