आईनं निवडलेला ऊस
काल नातवासाठी ऊस सोलताना तो ओला, गोड वास आला आणि एकाहत्तर-बाहत्तरच्या हंगामातलं कारखान्याचं आवार डोळ्यांपुढं उभं राहिलं. कॉलेजनं शेवटच्या वर्षी आम्हाला नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कामाला धाडलं होतं आणि त्या कामाला मार्क होते. बैलगाड्यांची लांब रांग, मळीचा उग्र दर्प, उडणारा भुसा, आणि त्यात पांढरा कोट घातलेला मी. प्रत्येक गाडीतून हाताला येईल तो ऊस ओढायचा आणि त्यातली साखर तपासायची. एका सकाळी पुढ्यात आमचीच गाडी आली. आईवडील पाथर्डीकडच्या टोळीबरोबर ऊसतोडीला आले होते. मी हात घालायच्या आत आईनं शोधून एक जाडजूड ऊस उपसला. "ह्यो घे, लई ग्वाड हाय. चांगलं मार्क पडत्याल तुला." मी गडबडलो, कारण निवडलेला ऊस तपासणीला चालत नव्हता आणि मार्क देणारे साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी तो हातात घेतला, आईकडं पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "हा तपासायचा नाही. हा तू खा." दुसरा ऊस त्यांनी स्वतःच ओढला. गाडी पुढं सरकली, तशी आई वळून ओरडली, "झालास का रं पास?" तोंडात त्याच उसाचा घास होता, म्हणून मी नुसती होकारार्थी मान हलवली. काल, सोललेलं कांडं हातात धरून, माझी मान पुन्हा तशीच हलली.