मधलं अक्षर

सुमंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपड्यांना इस्त्री करत होते. त्यांच्या पत्नी, आमच्या लीलावहिनी, एवढंच म्हणाल्या, "रत्ना, दादा गेले गं." मी हातातला झंपर पूर्ण इस्त्री केला, घडी घातली आणि मग खाली बसले. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता माझ्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार… त्याला महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नव्हतं आणि ते कुणापासून लपवावं असंही मला वाटत नव्हतं.

दादा आमच्या मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चचे. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि शास्त्र मूळ भाषेत वाचायचं म्हणून घरी बसून हिब्रू शिकले. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं कानावर पडतं. पण हिब्रूच्या मागे लागलेला माणूस लोकांना जरा सुटलेलाच वाटला. मी शाळेत मराठी शिकवायचे. कुतूहलानं गेले आणि त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी झाले. नऊ वर्षं, दर रविवारी उपासना आटोपली की त्यांच्या बाहेरच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. वहिनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवायच्या आणि या भाषेनं पोट भरत असेल तर ताट परत नेते म्हणून चिडवायच्या.

एकदा त्यांनी शत्रूसाठीचा एक शब्द शिकवला, 'त्सर'. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अरुंद, चिंचोळा. "वैरी म्हंजे तलवार घेऊन येणाराच न्हाय, रत्ना," ते म्हणाले, "तुजी जागा आवळतो, त्यो वैरी." मला हे इतकं पटलं की आठवडाभर शाळेत, बाजारात, दिसेल त्या माणसाला मी त्या मापानं मोजत होते. दादांना मोजावं असं काही मनात आलं नाही.

मग आम्ही तीस स्तोत्रं मराठीत आणायला घेतली. अर्थ दादा सांगत, शब्द मी शोधत असे. एका स्तोत्रात कवीची तक्रार आहे, की घाव शत्रूनं घातला असता तर सोसलं असतं, पण घालणारा माझा सोबती निघाला. तिथे शत्रूला 'ओयेव्ह' म्हटलंय, वैर धरणारा. सोबत्यासाठी दादांनी दोन-तीन जडजंबाल शब्द सुचवले. मी 'आपला माणूस' लिहिलं. ते ती ओळ मोठ्यानं वाचून म्हणाले, हे तुलाच सुचणार.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर एकच नाव, दादांचं. प्रस्तावनेत 'सुवाच्य अक्षरात प्रत करून देणाऱ्या एका भगिनीचे' आभार. नऊ वर्षांनंतर मी भगिनी झाले, तीही बिननावाची. मी चर्चच्या पायरीवरच त्यांना विचारलं. मान खाली घालून म्हणाले, "बाईचं हिब्रू लोकांना पटलं नसतं गं. पुस्तक वाचलं गेलं पायजे की."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं. वर्ग बंद झाला. पुढची दोन वर्षं ते दिसले की मी दुसऱ्या दारानं बाहेर पडत असे. ते एकदाही मागून आले नाहीत, याचा राग जास्त आहे. आपण काय केलं ते त्यांना कळलं तरी होतं का, हा प्रश्न माझ्यापाशीच राहिला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. ही हिब्रू पुस्तकं तूच ने, म्हणाल्या, गावात दुसऱ्या कुणाला वाचता येणार? कपाटात त्या पुस्तकाची दादांची स्वतःची प्रत निघाली. आतल्या पानावर, त्यांच्या छापील नावाशेजारी, पेन्सिलनं चार हिब्रू अक्षरं लिहिली होती. मी वाचलं 'ओहेव्ह'. प्रेम करणारा. महिनाभर अडलेलं रडू तिथंच फुटलं… डोळे पुसून मी चष्मा लावला आणि पुन्हा वाचलं. 'ओहेव्ह' आणि 'ओयेव्ह', फरक मधल्या एका अक्षराचा. 'ह'चं अक्षर मोठं, 'य'चं स्वल्पविरामाएवढं. इथलं स्वल्पविरामाएवढंच होतं, पण ठसठशीत. ओयेव्ह. वैरी. स्वतःच्याच नावाशेजारी.

म्हणजे कळत होतं त्यांना. कबुली लिहिली, पण मला एकटीलाच वाचता येईल अशा भाषेत, आणि तीही कपाटात बंद करून. माझं नाव मात्र साध्या मराठीत लिहायला हात धजला नाही.

"काय लिवलंय गं त्यांनी?" वहिनी पानावर बोट ठेवून विचारत होत्या.

"नाव आहे, वहिनी," मी म्हटलं. "दादांचं."