प्रल्हादच्या तीन साक्षी

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत रांगेत उभा होतो. "कोंढ्याचे फोटोवाले रामटेके गेले सर, सकाळी. मातीले येता ना?" फोन करणाऱ्याने गृहीतच धरलं होतं, कारण आम्ही लहानपणचे मित्र. त्याला ठाऊक नव्हतं की प्रल्हादशी माझं शेवटचं बोलणं होऊन अठरा वर्षं झाली होती... आणि तेही भर सभेत, माईकवर. मातीला गेलो, पण मागेच उभा राहिलो. त्याची बायको शेवंता हिने मला पाहिलं. तिने नजर वळवली नाही.

आम्ही एका बाकावर शिकलो. मी आसगावला विज्ञानाचा शिक्षक झालो, त्याने कोंढ्याला स्टँडजवळ फोटो स्टुडिओ टाकला. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं तोच काढी. हातात कॅमेरा असला की अखंड बोलायचा, खाली ठेवला की गप्प. शाळा सुटल्यावर मी सायकल त्याच्या दुकानाकडे वळवायचो आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसायचो. असा मित्र मला पुन्हा मिळाला नाही, हे आज लिहितो आहे. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. प्रल्हादने दुकानाच्या काचेत एक फोटो लावला. तळं, पलीकडच्या काठावरची झाडं आणि झाडांच्या वर आभाळात एक चपटी, कडेने चकाकणारी वस्तू. थाळी उपडी घातल्यासारखी. एका पेपरचा वार्ताहर पासपोर्ट फोटोसाठी आला होता. त्याने विचारलं, "तुम्हीच काढला का?" प्रल्हाद "हो" म्हणाला. चौथ्या दिवशी फोटो छापून आला, वर मोठ्या अक्षरांत 'उडती तबकडी'. मग माणसं यायला लागली. कुणी काचेसमोर उदबत्ती लावली, कुणी नारळ ठेवला. काही जण मात्र चिडले होते. मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव कार्यक्रम करायचो. ते माझ्याकडे आले. "सर, थो लोकायले येडं बनवून राहिला. तुमचा दोस्त हाय, तुमीच इचारा."

पेपरात त्याने सांगितलं होतं, शनिवारी संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभं राहून, पश्चिमेकडे तोंड करून फोटो काढला. मी भिंग घेऊन फोटो पाहिला. पलीकडच्या झाडांवर समोरून, म्हणजे पूर्वेकडून, ऊन होतं. संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे तोंड करून काढला असता तर ती झाडं काळी आली असती. मी दुकानात जाऊन हे सांगितलं. प्रल्हाद कापडाने लेन्स पुसत राहिला.

"मंग दुपार असन."

"असन म्हणजे? तू होता ना तिथं?"

"लग्नाले जात होतो. रस्त्यावर गाडी थांबवली अन् काढला."

"रस्त्यावरून तळ्याचं हे टोक दिसते का?"

"काहून मागं लागला गड्या?" तो हळूच म्हणाला. पडद्यामागे त्याचं घर होतं; तिथे भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मी वहीत दोन्ही साक्षी लिहून घेतल्या. तारखेसकट.

रविवारी पटांगणात सभा भरली. मी प्रश्न विचारणार, प्रल्हाद उत्तरं देणार, असं ठरलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मी वेळ विचारली. तो म्हणाला, "शनवारी सकाळी. साडेसात-आठ." ही तिसरी साक्ष. उन्हाशी ती बरोबर जुळत होती, आणि मी नेमका तिचीच वाट पाहत होतो. मी वही मिटली. "त्या शनिवारी सकाळची शाळा होती. सात ते दहा तू आमच्या शाळेत दहावीचा ग्रुप फोटो काढत होता. त्या फोटोत मी आहे, प्रल्हाद."

लोक हसले. बायकांच्या बाजूला शेवंता उठून उभी राहिली. प्रल्हादने तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने माझ्या हातातला माईक ओढून घेतला. "खोटा हाय थो फोटो. मीनं बनवला. लिहून घ्या, सर." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला सर म्हटलं. टाळ्या पडल्या. बायकोसमोर लाज गेली म्हणून त्याने कबूल केलं, असं मला वाटलं. मी खुशीत घरी गेलो.

त्यानंतर दोन वर्षं त्याला कुणी लग्नाला बोलावलं नाही. ओळखपत्राचे फोटो आणि लॅमिनेशन, यावर दुकान चाललं. स्टँडवर समोरासमोर आलो की तो गाड्यांच्या पाटीकडे पाहत राही.

मातीनंतर तीन आठवड्यांनी शेवंताने निरोप पाठवला. मी गेलो तेव्हा ती दुकानातच बसली होती. चहा ठेवला आणि सरळ म्हणाली, "थो फोटो माहा हाय, सर."

लग्नाच्या रोलमध्ये शेवटचे दोन-तीन फोटो उरत, ते तो तिला काढायला देई. जुना कॅमेरा घेऊन ती त्या सकाळी तळ्यावर गेली होती. "थे शाळेत होते. मी एकलीच होतो. बगळे काढून राहिलो होतो, तं वर थे दिसलं." फोटो धुतल्यावर प्रल्हादला इतका आनंद झाला की तिला न विचारताच त्याने तो काचेत लावला. तो काचेतून उतरवा म्हणून ती मागे लागली, तोवर वार्ताहर येऊन गेला होता.

"पण तुम्ही सांगितलं का नाही?"

तिचं माहेर तुमसरकडच्या जंगलपट्टीत. "माह्या मायनं झाडावर उजेड पाह्यला म्हणे. मंग दोन घरची लेकरं बिमार पडली. हिचीच करणी म्हणून तिले मारलं, गावाबाहेर काढलं. मी दहा वर्साची होतो, सर. भर दुपारी तिचा हात धरून निघालो... लग्नापासून हे त्यायले मालूम होतं. मले त्या फोटोचं नाव काढलं तरी थरथर सुटे, म्हणून त्यायनं मले काहीच इचारलं नाही. कोठून काढला, कधी काढला, मनानंच जोडत गेले. सभेत मी सांगासाठीच उठलो होतो. त्यायनं बोलू देलं नाही."

मग मी तिला तेच प्रश्न विचारले. वेळ, जागा, तोंड कोणत्या दिशेला. तिने सांगितलं आणि एकेक गोष्ट जुळत गेली. तो तिथे नव्हता म्हणजे फोटो खोटा, एवढंच मला तेव्हा सुचलं होतं. तिथे दुसरं कुणी असेल हे, विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला, सुचलं नाही.

"मी हे लिहू का?" मी विचारलं.

"लिहा. माय गेली, हेही गेले. आता मले कोन काय करन?" ती म्हणाली, पण पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

ते काय होतं, हे तिला माहीत नाही. मलाही नाही.

तेवढ्यात एक बाई पासबुकासाठी फोटो काढायला आली. शेवंताने तिला स्टुलावर बसवलं, दिवा लावला. भिंतीवर तो फोटो पुन्हा लावलेला होता, काचेच्या चौकटीत. बाईने पाहिला. "हे काय हाय वो?"

शेवंताचा हात कॅमेऱ्यावर थांबला. "काय मालूम," ती म्हणाली. "तळ्यावर दिसलं होतं. मीनंच काढला."

"हो का?" बाई म्हणाली आणि केस सारखे करून सरळ बसली.