तमगा आणि गावचे वीर

वीर कुणाला म्हणावं हे आमच्या गावाला कधी कळलं नाही, आणि त्या गोष्टीचा माझा राग अजून उतरलेला नाही.

माझा थोरला भाऊ निजामाच्या रिसाल्यात शिपाई होता. लढाई त्याने कधी पाहिलीच नाही. छावणीतल्या पागेला आग लागली, आत सोबतीचे शिपाई अडकले. दादाने ओलं घोंगडं पांघरून त्यांना एकेक करून बाहेर ओढलं. शेवटच्या खेपेला छप्पर त्याच्याच अंगावर कोसळलं. मग सरकारने घरी चांदीचा तमगा पाठवला. त्यावरची उर्दू अक्षरं चौसाळ्याच्या पटवाऱ्याने वाचून दाखवली: लढाईबाहेरच्या बहादुरीबद्दल. दादाला वीर न मानायला गावाला तेवढं पुरलं.

आमच्याकडे लढताना पडलेल्या माणसाची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक देवघरात बसतो. धुळवडीला तो तबकात घेऊन हलगीच्या तालावर मारुतीपर्यंत नाचवत नेतात. आईने टाक घडवला नाही, तमग्यालाच कुंकू लावलं. लेक गावच्या वीरांत गणला जावा, एवढंच तिला हवं होतं. वडील आधीच गेलेले, म्हणून तबक तिनेच उचललं. मागे मी, त्याची धाकटी बहीण.

पारापाशी पाटलाने हलगी थांबवली.

"वैनी, हे कावून आणलं? वीराच्या हातात हत्यार लागतं. तुमच्या पोराच्या हातात काय व्हतं?"

"घोंगडं व्हतं," आई म्हणाली.

लोक हसले. शेजाऱ्याच्या पेटल्या गंजीवर ज्यांनी जन्मात तांब्याभर पाणी ओतलं नाही, ते हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि सगळ्यांच्या पुढे चाललेल्या पाटलाच्या तबकात कोण होता? त्याचा पणजोबा. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावावर कुऱ्हाड घेऊन धावला आणि भावाच्याच कुऱ्हाडीने मेला. अख्ख्या गावाला ठाऊक. पण हातात कुऱ्हाड होती ना, झाला वीर! मी हे सगळं तिथेच, भर पारावर, ओरडून सांगितलं. हसणं थांबलं. पाटील खाली बघत हलगीवाल्याला म्हणाला, "वाजीव बे. येऊ दे त्यांचं बी."

हलगी कडाडली. मला वाटलं, आम्ही जिंकलो. पण आईने तमगा तबकातून उचलून पदराखाली घेतला आणि घराकडे वळली.

"आता कावून माघारी फिरलीस गं?" मी तिच्यावरच खेकसले.

"भावाला मारायला गेलेल्याच्या मागं माझा लेक न्हाई चालायचा," ती म्हणाली. "माणसं जगवून मेलाय त्यो."